राजधानीतील भाषण आणि गावातील आकडा



राजधानीच्या शहरात आर्थिक व सामाजिक धोरणावर जाहीर भाषणे होतात, त्यांचे वृत्तांत वर्तमानपत्रांत येतात आणि चार दिवसांनी ते विस्मरणात जातात. तालुक्याच्या गावी बसून असे वृत्तांत वाचणाऱ्या ग्रामसेवकाला किंवा शिक्षकाला वाटते की, ही मोठ्या माणसांची मोठी चर्चा आहे. तिच्याशी आपला संबंध तो काय? बोलणारे राजधानीत बोलतात, ऐकणारे तेथेच ऐकतात आणि गावाच्या वाट्याला येते ते केवळ परिपत्रक, असा हा समज आहे.

हा समज सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. परंतु तो अपुरा आहे. राजधानीतील ज्या भाषणांनी या देशाच्या अर्थकारणाची व समाजकारणाची दिशा बदलण्यास हातभार लावला, त्यांच्या मुळाशी गावातला आकडा होता. पिकाचा उतारा, मिठाचा खप, शाळेचा पट अशा साध्या नोंदी कोणीतरी दूरवर केल्या होत्या; कोणीतरी त्या जुळविल्या होत्या; आणि मग त्या राजधानीत बोलल्या गेल्या. ही परंपरा समजून घेण्यासाठी तीन राजधान्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पहिली साम्राज्याची राजधानी लंडन, दुसरी त्या काळच्या हिंदुस्थान सरकारची राजधानी कलकत्ता आणि तिसरी आपली मुंबई. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी बोलले, कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखले बोलले आणि मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. योगायोग असा की, तिघांनीही काही काळ अध्यापन केले होते. दादाभाई एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते, गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असत आणि आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. अवघड हिशेब शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही समजेल अशा रीतीने फळ्यावर मांडण्याची सवय तिघांच्याही कामी आली असावी.

लंडन : सरासरीचा हिशेब

दादाभाई १८५५ मध्ये व्यापाराच्या निमित्ताने लंडनला गेले. हिंदुस्थानच्या कारभाराचे अखेरचे निर्णय ज्या शहरात होतात, त्याच शहरात हिंदुस्थानची बाजू मांडली गेली पाहिजे, हे त्यांनी लवकरच ओळखले. १८६६ च्या डिसेंबरमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना झाली. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले अनेक निवृत्त अधिकारी या संस्थेच्या सभांना येत. अशा श्रोत्यांपुढे नुसत्या भावनेला स्थान नव्हते. जो आकडा मांडावयाचा, तो सरकारच्याच कागदपत्रांतून काढलेला असावा लागे; कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी असे कागद स्वतः लिहिलेले होते.

२ मे १८६७ रोजी या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात दादाभाईंनी असे मांडले की, हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलाचा सुमारे चौथा हिस्सा देशाबाहेर जातो आणि इंग्लंडच्या संपत्तीत मिळतो. पुढील काळात त्यांनी याहून मूलभूत प्रश्न हाती घेतला. हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न तरी किती? हा प्रश्न आज साधा वाटतो. परंतु त्या वेळी त्याचे विश्वसनीय उत्तर सरकारजवळही नव्हते.

दादाभाईंनी प्रांतवार प्रशासन अहवाल घेतले. कोणत्या पिकाखाली किती एकर जमीन, एकरी उतारा किती आणि बाजारभाव काय, या तीन गोष्टींवरून त्यांनी प्रत्येक प्रांताचे उत्पन्न काढले. तसे करताना सरकारी अहवालांतील एक दोष त्यांच्या ध्यानात आला. हा दोष आजही कोणत्याही कचेरीत घडू शकतो. म्हणून तो उदाहरणाने पाहू. समजा, एका मंडळात ९०० एकर कोरडवाहू जमिनीत ज्वारीचा उतारा एकरी २ क्विंटल आहे आणि १०० एकर बागायतीत तो १० क्विंटल आहे. दोन्ही उताऱ्यांची बेरीज करून दोनाने भागले, तर सरासरी ६ क्विंटल येते. प्रत्यक्षात १,००० एकरांत मिळून २,८०० क्विंटल ज्वारी झालेली असते. म्हणजे खरी सरासरी २.८ क्विंटलच असते. क्षेत्र लक्षात न घेता काढलेली सरासरी अशी गरिबाला कागदावर सधन करून टाकते. दादाभाईंनी या चुकीवर नेमके बोट ठेवले आणि क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढून हिशेब नव्याने मांडला.

१८६७-६८ या वर्षासाठी त्यांच्या हिशेबाचा निष्कर्ष असा होता : एकूण उत्पन्न सुमारे ३४ कोटी पौंड, लोकसंख्या सुमारे १७ कोटी, म्हणजे माणशी ४० शिलिंग, अर्थात २० रुपये. आणि ही सरासरी झाली. श्रीमंताचा वाटा वजा केला, तर सामान्य माणसाच्या हाती याहूनही कमी उरते, हे त्यांनी स्पष्ट केले. त्यानंतर त्यांनी सरकारच्याच तुरुंग अहवालांतून कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च काढला आणि तो या २० रुपयांशेजारी ठेवला. प्रामाणिकपणे राबणाऱ्या रयतेच्या वाट्याला तुरुंगातील कैद्याइतकेही येत नाही, असा त्याचा अर्थ होता. हा सर्व विचार त्यांनी १८७६ मध्ये असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे विस्ताराने मांडला आणि १९०१ मध्ये तो त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात समाविष्ट झाला.

या भाषणांचा परिणाम काय झाला? सरकारने दादाभाईंचे म्हणणे मान्य केले नाही. परंतु सरकारला उत्तर देणे भाग पडले. १८८२ मध्ये बेअरिंग व बार्बर यांनी माणशी उत्पन्न २७ रुपये असल्याचा अंदाज केला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपयांचा अंदाज सांगितला. आकडे वेगळे होते. पण वादाची भाषा दादाभाईंनी ठरविली होती. राज्यकारभार चांगला की वाईट, हे माणसाच्या उत्पन्नावरून मोजले पाहिजे, ही गोष्ट त्यानंतर कोणालाच टाळता आली नाही. राजधानीतील भाषणाचे पहिले कार्य हेच होय. ते प्रश्न लगेच सोडवीत नाही. प्रश्न कोणत्या मापाने मोजावयाचा, ते ठरविते.

सोलापूरचे हेडमास्तर

लंडनहून कलकत्त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या मुलुखातील एका गृहस्थांचे स्मरण करणे अगत्याचे आहे, कारण पुढील भाषणांची शिदोरी येथे बांधली गेली. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामास अभ्यासाची शिस्त लागली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. जमीन महसूल, दुष्काळ, उद्योगधंदे, प्रांतिक जमाखर्च अशा विषयांवरील लेख त्यात येत.

या त्रैमासिकातील अनेक भक्कम लेखांचे लेखक होते गणेश व्यंकटेश जोशी. ते सरकारी शिक्षण खात्यात शिक्षक होते आणि सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून त्यांची ओळख होती. त्रैमासिकातील लेखांवर लेखकाचे नाव नसे. शाळेचे काम सांभाळून हा मनुष्य सरकारी अहवाल, जनगणनेचे तक्ते आणि महसुलाची विवरणपत्रे बारकाईने वाचीत असे, त्यांतील विसंगती शोधीत असे आणि टिपणे करीत असे.

गोखले १८८७ पासून या त्रैमासिकाचे संपादन पाहू लागले. रानडे यांच्या देखरेखीखाली सरकारी अहवाल कसा वाचावा, त्यातून काय घ्यावे, कोणते विधान पुराव्यावाचून करू नये, याचे शिक्षण त्यांना मिळाले. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दादाभाई त्या आयोगाचे सभासद होते. १८९७ च्या एप्रिलमध्ये गोखल्यांनी लंडनमध्ये या आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षेही पूर्ण झाले नव्हते. या साक्षीच्या तयारीत आणि पुढे कलकत्त्यातील अर्थसंकल्पीय भाषणांच्या तयारीत त्यांनी गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य घेतले होते.

सभाजनहो, ही गोष्ट किरकोळ नाही. व्हाइसरॉयसमोर बोलल्या गेलेल्या आकड्यांमागे सोलापूरच्या एका शिक्षकाचे परिश्रम होते. भाषण करणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले आणि ते योग्यच झाले. परंतु राजधानी आणि जिल्हा यांचे खरे नाते कसे असते, हे या हेडमास्तरांच्या उदाहरणावरून उमगते.

कलकत्ता : मिठावरील कर

१९०२ मध्ये गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. या मंडळात बिनसरकारी सभासदांना अधिकार फारच थोडे होते. १८९२ च्या कायद्याने त्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली होती. पण अर्थसंकल्पावर मत देता येत नव्हते आणि दुरुस्तीही सुचविता येत नव्हती. म्हणजे हाती केवळ भाषण होते. एवढ्याच साधनाने गोखल्यांनी काय साधले, ते पाहण्यासारखे आहे.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारच्या तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक पडली होती आणि सभागृहात अर्थमंत्र्यांचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी देश पोळलेला असताना तिजोरी भरते कशी, असा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर त्यांनी हिशेबाने दिले. पूर्वी रुपयाचा विनिमय दर घसरत होता. इंग्लंडमध्ये करावयाचा खर्च पौंडांत असल्याने तो भागविण्यासाठी सरकारला अधिक रुपये लागत. त्या अडचणीच्या काळात कर वाढविण्यात आले; १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. रुपयाचा दर १३ पेन्सच्या आसपास उतरला होता, तो काही वर्षांत १६ पेन्सवर स्थिरावला. इंग्लंडमधील खर्च भागविण्यास आता कमी रुपये लागू लागले. म्हणजे कर वाढविण्याचे कारण संपले. कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, असा गोखल्यांचा निष्कर्ष होता.

मग त्यांनी मिठाचा प्रश्न घेतला. मीठ गरिबाला टाळता येत नाही. मिठावरील कर हा गरिबाला श्रीमंताइतकाच, किंबहुना मिळकतीच्या मानाने कितीतरी अधिक द्यावा लागतो. लोकसंख्या वाढत असताना मिठाचा खप त्या प्रमाणात वाढत नसेल, तर माणसे व जनावरे मिठावाचून दिवस काढतात, असाच त्याचा अर्थ होतो. सरकारी तक्त्यातील खपाचा एक रकाना असा स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचला.

१९०३ मध्ये मिठावरील कर आठ आण्यांनी कमी होऊन २ रुपयांवर आला. त्याच वर्षी प्राप्तिकराची सूट ५०० रुपयांवरून १,००० रुपयांच्या उत्पन्नापर्यंत वाढविण्यात आली. १९०५ मध्ये मिठावरील कर दीड रुपया झाला आणि १९०७ मध्ये १ रुपया. हे सर्व श्रेय एकट्या भाषणाचे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; ही मागणी इतरांनीही सातत्याने केली होती आणि तिजोरीत शिल्लकही होती. तथापि ज्या सभागृहात मताचा अधिकार नाही, तेथेही सरकारचेच आकडे सरकारपुढे नीट मांडले, तर त्यांचे वजन पडते, एवढे यातून निश्चित दिसते.

कलकत्ता : हरलेले विधेयक

गोखल्यांच्या दुसऱ्या प्रयत्नास असे यश आले नाही; परंतु शिक्षक व पंचायत सभासद यांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. १९०९ च्या सुधारणांमुळे सभासदांना ठराव मांडता येऊ लागले. १९१० च्या मार्चमध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याच्या दिशेने पावले टाकावीत, असा ठराव आणला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी त्यासाठी विधेयक मांडले.

त्या भाषणात त्यांनी सांगितले की, हिंदुस्थानात एकूण लोकसंख्येच्या केवळ १.९ टक्के मुले प्राथमिक शाळांत आहेत. त्याशेजारी त्यांनी बडोदे संस्थानाचे उदाहरण ठेवले. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला होता. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात सुमारे ८० टक्के मुलगे शाळेत होते. ब्रिटिश हिंदुस्थानात हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. हे आपल्या देशात शक्य नाही, या आक्षेपाला शेजारच्याच संस्थानाचा आकडा हे चोख उत्तर होते.

विधेयक अतिशय सावध होते. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने सरकारच्या संमतीने सक्ती लागू करावी. आरंभी ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती असावी. महिना १० रुपयांहून अधिक मिळकत नसलेल्या पालकांकडून फी घेऊ नये. खर्चाचा एक-तृतीयांश भार स्थानिक संस्थेने व दोन-तृतीयांश सरकारने उचलावा, अशी त्याची रूपरेषा होती. तरीही विरोध झाला. लोकांची तशी मागणी नाही, पैसा नाही, काळ अनुकूल नाही, असे मुद्दे पुढे आले. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तीन वर्षांनी, १९१५ च्या फेब्रुवारीत, गोखले निवर्तले.

सभागृहात हरलेला विचार सभागृहाबाहेर मात्र हरला नाही. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या संविधानाने ४५ व्या अनुच्छेदात हा विचार मार्गदर्शक तत्त्व म्हणून स्वीकारला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा ६ ते १४ वयाच्या मुलामुलींचा मूलभूत हक्क ठरविला. त्यानुसार २००९ मध्ये झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. विधेयक फेटाळले गेल्यापासून या दिवसापर्यंत ९८ वर्षे लोटली.

मुंबई : वाटा कोणाचा?

दादाभाईंनी सरासरी दिली, गोखल्यांनी जमाखर्च तपासला. तरीही एक प्रश्न उरतो. सरासरीत कोणाचा वाटा किती? हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात विचारला होता. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो. मग तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च का, असा त्यांचा रोख होता.

पुढे हाच प्रश्न मुंबई प्रांताच्या राजधानीत आकड्यांनिशी उभा राहिला. डॉ. आंबेडकर मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी प्रथम सर्वांचा हिशेब दिला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी २ रुपयांहून अधिक उत्पन्न घेते. जेवढे लोकांकडून दारूपायी घेतले जाते, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. मग ते गळतीकडे वळले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. अशा स्थितीत पहिलीवर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो. पटावरील नाव म्हणजे शिक्षण नव्हे, ही गोष्ट त्यांनी एवढ्या एका आकड्याने पटवून दिली.

त्यानंतर त्यांनी वर्गवार आकडे मांडले. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंमध्ये ११९ विद्यार्थी होते आणि मागासलेल्या वर्गात केवळ १८. सरासरी काढली असती, तर हे अंतर दिसलेच नसते. ज्याचा वाटा सर्वांत कमी, त्याची नोंद वेगळी दाखविली पाहिजे, अन्यथा सरासरीच त्याला झाकून टाकते. तिसऱ्या राजधानीतील भाषणाचा हा धडा आहे.

आपल्या गावातील नोंद

आता प्रश्न असा की, या इतिहासाचा आजच्या पंचायतीला व शाळेला उपयोग काय? तिन्ही भाषणांतून तीन प्रश्न मिळतात. आकडा कसा काढला? पैसा कोठून आला व कोठे गेला? आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला काय आले? आर्थिक किंवा सामाजिक धोरणावरील कोणतेही भाषण, मग ते मुंबईत होवो की दिल्लीत, या तीन प्रश्नांवर घासून पाहावे. तेच प्रश्न ग्रामसभेतही विचारावेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले आहे. ज्या सभागृहात गोखल्यांना अर्थसंकल्पावर मत देता येत नव्हते, त्याहून ग्रामसभेतील साध्या मतदाराचे स्थान अधिक बळकट आहे. तो पंचायतीचा जमाखर्च मागू शकतो, वाचू शकतो आणि त्यावर बोलू शकतो.

परंतु बोलण्यापूर्वी नोंद खरी हवी. पीक कापणीचा प्रयोग पाहा. कोणते शेत निवडावयाचे हे ठरलेले असते. तेथे पीक पातळ आहे किंवा बांधावर जाण्यास अडचण आहे म्हणून शेजारचे शेत धरले, तर एका चिठ्ठीवरील एक आकडा बदलतो. तोच पुढे मंडळाच्या उताऱ्यात जातो, जिल्ह्याच्या तक्त्यात जातो आणि अखेर राजधानीतील भाषणात जातो. त्या वर्षी पाऊस हुकलेला असला, तरी कागदावर पीक उभे राहते. आणेवारी म्हणा की पैसेवारी म्हणा, तिच्या शुद्धतेवर कोरडवाहू शेतकऱ्याची सवलत अवलंबून राहिलेली आहे. दादाभाईंनी दाखविलेली सरासरीची चूक लंडनमध्ये झाली नव्हती. ती खालच्या कचेरीत झाली होती आणि लंडनपर्यंत कोणी ती दुरुस्त केली नव्हती.

दुसरे उदाहरण शाळेच्या हजेरीपटाचे. दिवाळीच्या सुमारास दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या भागात जातात. नवराबायकोची जोडी कोयत्यावर जाते आणि घरी सांभाळणारे कोणी नसले, तर मुलेही फडावर जातात. पट कमी दिसू नये म्हणून अशा मुलाची हजेरी लावली, तर तो शिक्षकाचा दुष्टपणा नसतो. बहुधा वरून पटाची विचारणा होईल ही भीती असते. परंतु त्या एका खुणेने ते मूल राजधानीच्या दृष्टीने शाळेत बसते. मग त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह कशाला हवे? फडाच्या जवळच्या शाळेत जादा शिक्षक कशाला हवा? खोटी हजेरी शाळेचा पट वाचविते आणि मुलाचा हक्क घालविते. उलट, तीच गैरहजेरी कारणासह नोंदवली गेली, तर आज ना उद्या कोणीतरी ती बेरजेत धरील आणि राजधानीत तिच्याविषयी बोलावे लागेल.

अधिकारी मित्रांनाही येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. खालून आलेला प्रतिकूल आकडा पाहून नोंद करणाऱ्यालाच जाब विचारला, तर पुढील वर्षी अनुकूल आकडा येईल; वस्तुस्थिती मात्र तीच राहील. गळती दाखविणाऱ्या शाळेकडे दोषी म्हणून न पाहता, आजार वेळीच सांगणाऱ्या रोग्याप्रमाणे पाहिले पाहिजे. खरी नोंद करणाऱ्या ग्रामसेवकाच्या व शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणे, हेही धोरणाचे काम आहे.

पंचायत सभासदांनी तर याहून सोपे काम करावे. ग्रामसभेपुढे जमाखर्च वाचताना केवळ एकूण बेरीज वाचू नये. पाण्यावर किती, रस्त्यावर किती, शाळेवर किती, हे सांगावे. आणि त्याच बरोबर कोणत्या वस्तीला काय मिळाले, हेही सांगावे. गावाला नळ मिळाला, हे वाक्य सरासरीचे झाले. वेशीबाहेरच्या वस्तीत नळाला पाणी येते का, हा १९२७ च्या भाषणातील प्रश्न झाला.

दादाभाईंची भाषणे इंग्रजीत झाली, गोखल्यांचीही इंग्रजीत झाली. ज्या रयतेसाठी ती केली गेली, तिला ती ऐकता आली नाहीत. आज ती अडचण उरलेली नाही. राजधानीत मराठीत बोलता येते आणि गावातही मराठीतच हिशेब मागता येतो. सोलापूरच्या त्या हेडमास्तरांना दूरच्या कलकत्त्यात आपले आकडे कोणाच्या तोंडून जातील याची वाट पाहावी लागत होती. आजच्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला आणि सरपंचाला स्वतःच उभे राहून बोलता येते. तेव्हा या सभेतून परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या ताब्यातील एक नोंदवही उघडून पाहावी. मग ती पटाची असो, पिकाची असो की जमाखर्चाची. तिच्यातील एक जरी ओळ वस्तुस्थितीशी जुळत नसेल, तर ती दुरुस्त करावी. राजधानीत उद्या होणारे भाषण किती खरे असेल, ते त्या ओळीवर ठरणार आहे.